पलीकडे पेट्रोल स्वस्त

फेरी बंद झाली, पूल झाला,
तरी मी किरणपाणीच्या धक्क्यावर येतो.
चाळीस वर्षं सुकाणू धरलेला हात
नुसता घरात ठेवता येत नाही.
शाणू गळ टाकून बसलेला असतो
आणि रोज तोच प्रश्न:
सगुणदादा, लेकीकडे गेलास,
तिथं बघितलंस काय?

तळं बघितलं.
मयेचं तळं डोळ्यांपुढे आणू नकोस.
सकाळी फेरी सोडली तर पेजेच्या वेळेला
दुसरा काठ लागायचा नाही, एवढं.
आणि ते सगळं घट्ट.
लेक म्हणाली, चल बाबा, पाण्यावरून फिरून येऊ.
मी काठाशी बूट काढायला वाकलो,
तशी ती हसली.

खाली पाणी आहे हे पोटऱ्यांना कळत होतं.
भरती नाही, ओहोटी नाही,
चिखलाचा वास नाही, खार नाही.
मध्येच लांब कुठेतरी बर्फ कण्हला,
जुन्या फेरीचा दोर ताणला की व्हायचा
तसा.
तेवढं एक ओळखीचं.

गावाचं नाव लाप्पेनरांता.
पंधरा दिवसांत मी ते दोनदा नीट म्हटलं.
बाजारात पावासारखं काहीतरी तळलेलं मिळतं,
त्यात हॅम आणि अंडं दोन्ही घातलं की नाव हायड्रोजन,
एकच घातलं तर अणू.
मी विचारलं, स्फोट होतो काय?
विकणारी काय म्हणाली कळलं नाही,
पोटावर हात ठेवून हसली ते कळलं.

शेजारी हेल्वीबाई. ऐंशीच्या वरची.
आम्ही दोघं बोलायचो, लेक मध्ये दुभाषी.
तिची आई सीमेपलीकडच्या शहरातली,
युद्धात गाय हाकत चालत इकडे आलेली.
मला वाटलं, आता ही रडणार.
तर म्हणते, पलीकडे पेट्रोल काय स्वस्त होतं!
दर शनिवारी जायचो.
टाकी भरायची, सिगारेटी घ्यायच्या,
येताना आईचं घर गाडीतूनच बघायचं.
आता फाटक बंद.
कधी उघडणार, कुणी सांगत नाही.

मी हसलो रे, मोठ्यानं.
लेकीला राग आला.
तिला काय सांगू, शाणू,
हे समोरचं आरोंदं,
जिथली पोरं आता टाकी भरायला पुलावरून इकडे येतात
आणि जाताना डिकीत काय नेतात
ते नाक्यावरच्या शिपायालाही ठाऊक,
ते माझ्या आयचं माहेर.

मी सहा वर्षांचा. नदीवर पाखल्यांचा पहारा.
आजोबा गेल्याचं पलीकडून कुणीतरी ओरडून सांगितलं,
अर्धं वाऱ्यानं नेलं.
राहिलेल्या अर्ध्यावरून आयनं ओळखलं.
ह्याच पायरीवर बसून राहिली.
माडांच्या वर धूर दिसला तेव्हा उठली,
लुगड्यासकट पाण्यात शिरली,
तीन वेळा बुडी मारली.
पलीकडे जायला पास लागायचा.
भिजायला लागत नव्हता.

हेल्वीबाईला ह्यातलं काही सांगितलं नाही.
निघायच्या दिवशी एवढंच विचारलं,
हे पाणी सुटतं तेव्हा आधी काय सुटतं?
ती म्हणाली, काठ.
मधला बर्फ बरेच दिवस तसाच असतो,
कुणालाही वाटावं, चालत जाता येईल.
पण पाय ठेवायला जायचं कुठून?

शाणूनं गळ ओढला. आमिष गेलेलं, मासा नाही.
नवी सुंगटं लावता लावता म्हणाला,
म्हणजे एवढ्या लांब पाणी बघायला गेलास
आणि पाणी बघितलंच नाहीस.

खरंच की.